राखणीचा बोकड

हरिबा हळद घ्यायला घरात शिरला आणि आपल्या बाजेच्या जागी बाजरीच्या पोत्यांची थप्पी बघून दारातच थबकला.

लग्न झाल्यापासून त्याची बाज तिथंच असायची, भिंतीला लागून, देवळीच्या खाली. गुढीपाडव्यानंतर संभाजीनगरला ऑपरेशन झालं. प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीत, घरच्यांच्या भाषेत गाठीत, कॅन्सर होता म्हणून डॉक्टरांनी गाठ अख्खीच काढली. जखम भरली तशी त्याने बाज उचलून शेळ्यांच्या वाडग्यात नेली. कारण सांगितलं लांडग्याचं. चौसाळ्याच्या माळावर त्या उन्हाळ्यात लांडगा कुणीच पाहिला नव्हता, पण त्याच्या घरात, देवकत्यांकडे, थोरल्या माणसाला तोंडावर खोटं पाडायची पद्धत नाही. बाज गेली, जागा मात्र कित्येक दिवस तशीच मोकळी होती. आता तीही भरली.

"बरं केलं सत्यभामेनं," तो बायकोबद्दल पुटपुटला. बरं मुळीच वाटलं नव्हतं. तो पोत्यांच्या कडेने गेला आणि देवळीतलं हळदीचं ताट घेऊन बाहेर पडला.

आज राखणी होती. दिवाळी झाली की देवकत्यांकडे वर्षभरातली नर करडं एकत्र आणतात. त्यातलं एकच कळपासाठी राखायचं आणि त्याच्या कपाळाला हळद लावायची. उरलेल्या सगळ्यांना खच्ची करायचा चिमटा. घरातल्या थोरल्या पुरुषाने निवड करायची, आणि त्याला एकच अट: खच्ची हाताने बीज राखायचं नाही, म्हणजे खच्ची झालेल्या पुरुषाने निवड करायची नाही. हा दंडक हरिबाच्या आज्याने घातला. आज्याने तो कुणाला डोळ्यांपुढे ठेवून घातला हे आता कुणालाच ठाऊक नाही. तो कुणाला लागू करायची वेळच आली नव्हती, म्हणून त्याचा विचारही कुणी केला नव्हता. हरिबा मात्र पाडव्यापासून दुसरा काही विचार करत नव्हता.

त्याला दवाखान्यातले शेजारच्या खाटेवरचे गुरुजी आठवत. घाटनांदूरचे. त्यांचा रोग हाडांपर्यंत गेलेला. भर पंख्याखाली त्यांना घाम फुटायचा, छाती बाईमाणसासारखी मऊ पडली होती, दाढी विरळ झाली होती. "इंजेक्शन देऊन माझ्यातलं पुरुषाचं हार्मोन बंद केलंय," असं ते हसत हसत सांगायचे. हरिबाने ते ऐकलं आणि स्वतःच्या नावावर मांडून टाकलं. त्यात शरीरानेही साक्ष दिली. बीज म्हणून काही येईना आणि बाकीचंही सगळं निजल्यासारखं झालं. जन्म शेळ्यांत गेलेल्या माणसाला यापुढे कुणी काय समजावणार? ज्या बोकडाला बीज नाही तो खच्ची. आणि खच्ची बोकड कसा होतो हे तर त्याला पाठ होतं. वास जातो, दाढी झडते, अंग सुटतं, स्वभाव गरीब होतो. हरिबा रोज मिशी चाचपून बघायचा.

आताही वाडग्याकडे जाताना तो हैदरच्या टेम्पोपाशी रेंगाळला आणि आरशात तोंड घालून मिशी बघून घेतली.

हैदर ओसरीवर बसून चहा पीत होता, त्याने ते पाहिलं. बीडच्या या शेळ्यांच्या व्यापाऱ्याची आणि हरिबाची दोस्ती दोघांचे केस काळे होते तेव्हाची. राखणी झाली की खच्ची करडं दर साली हैदरच उचलायचा. हरिबाने मनातली गोष्ट सांगितली ती फक्त त्याला. "यार, मी बी आता तुझ्या टेम्पोत बसायच्या लायकीचा झालो," असं तो बोललेला. तेव्हा हैदरला धीर द्यायला दुसरं काही सुचलं नाही. "मग काय बिघडलं? खच्ची मालाला भाव जास्ती हाय," असं तो म्हणून बसला. थट्टा होती, पण हरिबा हसला नाही, आणि तेव्हापासून हैदरला आपल्या जिभेचा राग येत होता.

"बंकट, ह्ये घे." हरिबाने ताट धाकट्या भावाच्या हातात दिलं. "औंदा राखणी तू कर."

बंकटने ताट घेतलं. चौसाळ्याच्या रस्त्यावर त्याचं पत्र्याचं हॉटेल होतं आणि हातात आलेलं भांडं धरायची सवय होती. मग काय धरलंय ते त्याच्या ध्यानात आलं.

"मी? कावून?"

"कावून म्हंजे? आज्याचा दंडक तुला ठाव हाय. मला काय झालंय त्ये बी ठाव हाय. आता भर अंगणात अजून काय वदवून घेतूस?"

अंगणात हरिबाचा मुलगा माऊली करडं बांधत होता, त्याचा हात दाव्यावरच राहिला. चुलीशी भाकरीची थापही थांबली.

बंकटला खरं तर आनंद व्हायला हवा होता. मिसरूड फुटल्यापासून त्याला हे ताट हवं होतं. दर साली दादा निवडायचा, लोक दादाला नावाजायचे, देवकत्यांचा बोकड म्हणून गेवराईपासून माणसं यायची, आणि बंकट चहाचे कप गोळा करायचा. मनातल्या मनात त्याने किती वेळा बोकड निवडले होते! यंदाचाही निवडून ठेवला होता, कानावर पांढरे ठिपके असलेला, सगळ्यांत दांडगा. पण ताट देताना दादाने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं आणि थोडी हळद बंकटच्या मनगटावर सांडली होती. ती पुसावी की राहू द्यावी, हेही त्याला कळेना.

"काका, तुमी कोणचा राखनार?" माऊलीने विचारलं. आवाजात धार होती.

"ठिपक्याचा."

"त्याची माय एकच करडू पाजती. दुसऱ्याला लाथ घालती. बाबांनी तसल्या शेळीचा बोकड कदी राखला का?"

"मग तूच राख की! मला कावून इचारतूस?"

"ए, भांडू नका बे," हैदर मध्ये पडला. "हरिबाभाऊनं सोताच दिलंय ना? मग त्याला तरास नका देऊ. बंकट, तू लाव हळद. झालं, खतम."

हैदरला वाटलं आपण दोस्ताची लाज झाकली. हरिबाला वाटलं दोस्तानेही मान्य केलं. त्याने धोतराचा सोगा सावरला आणि वाडग्याच्या कोपऱ्यात, जिथं त्याची बाज होती तिकडे, पाठ फिरवून चालू लागला.

चुलीपाशी ऋतुजाने सासूकडे पाहिलं. ऋतुजा माऊलीची बायको. बीडच्या एका लॅबमध्ये ती लोकांचं रक्त काढायची, रोज एसटीने जाऊन-येऊन. "आत्याबाई, आता तरी बोला," ती हळूच म्हणाली.

"मी कावून बोलू?" सत्यभामा पिठाच्या हाताने परात ढकलत म्हणाली. "दोनदा गेलते सांगायला. 'दवाखान्याचा इषय घरात नगं' म्हनले. लांडगा राखत बसलेत न्हवं? बसू द्या."

"त्यांना ठाव न्हाई म्हनून असं वागतेत. आपल्याला तर ठाव हाय."

ऋतुजाला गेल्या पंधरवड्यातली ती सकाळ आठवली. तपासणीला तिघं संभाजीनगरला गेली होती. रक्त द्यायच्या वेळी तिनेच डॉक्टरांना हळू आवाजात सुचवलं होतं, टेस्टोस्टेरॉनही बघता येईल का, म्हणजे पुरुषाचं हार्मोन. सून म्हणून तिला तो शब्द सासऱ्यापुढे उच्चारता येत नव्हता. लॅबमध्ये दिवसातून दहा वेळा उच्चारायची, तिथं तिची जीभ कधी अडखळली नाही. निकाल आला तेव्हा नेमका विषय तिकडे वळतोय बघून सासरा "बिडी वढून येतो" म्हणत केबिनबाहेर पडला. मग सत्यभामेने डोक्यावरचा पदर नीट केला आणि डॉक्टरांना थेट विचारलं, "माझा मानूस खच्ची झालाय का?" डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले, मग हसणं आवरून त्यांनी एवढं नीट समजावलं की पुढचा पेशंट दारात ताटकळला. परतीच्या एसटीत गेवराई येईपर्यंत सासू-सुना त्यावरच कुजबुजत होत्या. हरिबा पुढे ड्रायव्हरमागच्या सीटवर बसला होता. त्याने दोनदा वळून पाहिलं. दोघी चटकन गप्प झाल्या, आणि तिथंच चुकलं: काहीतरी वाईटच निघालं असं त्याने धरलं.

"आत्याबाई, काकांनी हळद लावली की बोकड ठरला. मग पुढच्या साली बी मामंजी ताटाला शिवनार न्हाईत. कदीच न्हाई."

सत्यभामेने परातीतला गोळा बाजूला ठेवला. राग तिलाही होता, आणि तो आजचा नव्हता. पण त्या पाठ फिरवून चाललेल्या माणसाचे खांदे तिने पाहिले, आणि हा आपलाच माणूस असा उतरलेला तिला बघवेना. ती उठली, तशीच पिठाच्या हाताने बंकटपुढे गेली.

"भावजी, आना त्ये ताट इकडं."

बंकटने मुकाट्याने दिलं. अगदी चटकन दिलं, हे सगळ्यांच्याच लक्षात आलं.

"अवो!" तिने हाक मारली. "लांडग्याचे राखनदार! हिकडं या जरा."

हरिबा वळला. "कावून?"

"एक करडू धरा."

"बंकट धरंल. मी न्हाई म्हनलो ना."

"राखायला न्हाई वो. चिमट्याला धरा. तेवढं तर खच्ची मानसाला बी येतं."

हैदरने कप खाली ठेवला. माऊलीने नजर टाळायला आभाळाकडे पाहिलं. हरिबाचा चेहरा लाल झाला, पण चार माणसांत बायकोशी वाद घालण्यापेक्षा करडू धरणं सोपं, म्हणून तो आला आणि एक करडू गुडघ्यात दाबून त्याचे मागचे पाय फाकवून बसला. हे काम त्याचे हात झोपेतही करतील.

"आता दावा, चिमटा कुठं लावता?"

"येडी का खुळी तू? ह्या साऱ्या घराला ठाव हाय."

"मला न्हाई ठाव. दावा."

"हितं," हरिबाने करडाच्या गोट्यांच्या वरची शीर दोन बोटांत पकडली. "ही शीर दबली की खाली गोट्या सुकत्यात. गोट्या सुकल्या की बोकडपन गेलं. वास गेला, माज गेला. झालं समाधान?"

"पोटात हात घालता का?"

"पोटात कावून घालंल?"

"बेंबीच्या खाली फाडून, मुताच्या पिशवीखालून काय काढता का?"

"न्हाई काढत. त्याचा काय समंध..."

हरिबाची बोटं करडाच्या शिरेवरून सुटली.

"अन् तुमचं डॉक्टरनं कुठनं काढलं?" सत्यभामेने विचारलं. आता तिचा आवाज खाली आला होता. "तुमच्या गोट्यांना हात तरी लावला का त्यानं?"

करडू गुडघ्यातून निसटलं आणि ओरडत आईकडे पळालं. हरिबा तसाच बसून राहिला. उजवा हात नकळत बेंबीखालच्या व्रणावर गेला होता. आयुष्यभरात किती करडं या हातांखालून गेली त्याची गणती नाही. कुठली शीर दाबली की काय सुकतं हे या पंचक्रोशीत त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. आणि स्वतःच्या बाबतीत त्याने कधी एवढंही विचारलं नव्हतं, की शीर कुठाय आणि व्रण कुठाय.

पहिल्यांदा हैदर हसला. आधी तोंड दाबून, मग दाबवेना तेव्हा मांडीवर थाप मारून. "या अल्ला! हरिबाभाऊ, सारी उमर बोकडं खच्ची केली तुमी, अन् सोताचंच गणित चुकलं!"

"मग त्ये घाटनांदूरचे गुरुजी?" हरिबाने विचारलं. तो बायकोला विचारत होता. पाडव्यापासून पहिल्यांदा तिला काही विचारत होता.

"त्यांचा रोग हाडात गेलता. ती गाठ अन् तो रोग दोनी त्या हार्मोनवर जगत्यात म्हनं. म्हनून त्यांचं इंजेक्शन देऊन बंद केलं, रोगाचं खानं तोडायला. तुमचा रोग गाठीतच व्हता, गाठीसंगं गेला. तुमाला तसलं इंजेक्शन दिलंच न्हाई." तिने दम घेतला. "डॉक्टर म्हनले, आजी, ती गाठ खानारी हाय, कमवनारी न्हाई. कमवनाऱ्या खाली हायत, त्या जाग्यावर हायत. खानारी काढल्यानं कमाई बुडती का?"

"पर मग बीज..."

"बीजाचं पानी ती गाठ करती. ती गेली, पानी गेलं. आता लेकरं व्हनार न्हाईत. तुमाला पायजे व्हती का अजून?"

यावर बंकटही हसला. ऋतुजाने पदर तोंडावर घेतला आणि चुलीकडे वळली. जाता जाता, कुणाकडे न बघता, चुलीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "रक्तात बी बघितलंय. पायजे तेवढं हाय. काई जनांचं आपरेशननंतर उलट जरासं वाढतं बी."

"वाढतं?" हरिबा म्हणाला.

"तरी म्हनलं," माऊलीने तोंड उघडलं, "ह्ये बाबा दिवाळीपास्नं कावून एवढे खेकसतेत!"

मग कुणालाच आवरलं नाही. हरिबा मिशीवरून हात फिरवत बसला होता. हसू यायला लागलं होतं आणि ते त्याला लपवताही येत नव्हतं. तेवढ्यात बंकट पुढे झाला. सत्यभामेच्या हातातलं ताट त्याने मागून घेतलं आणि दादापुढे धरलं.

"घे. असं मिळालेलं नगं मला."

"तुला लई दिसाचं पायजे व्हतं, बंक्या. मला का ठाव न्हाई?"

दादाला ठाऊक असेल हे बंकटला कधी वाटलंच नव्हतं.

हरिबाने ताट घेतलं आणि उठला. ठिपक्याच्या करडाकडे त्याने पाहिलंही नाही. तो शेळ्यांत शिरला आणि त्यांच्या कासेला हात लावत, एकेकीशी बोलत राहिला. "बोकडाकडं बगायचं नसतं," तो बंकटला म्हणाला. हे त्याने आजवर कुणालाच उघड सांगितलं नव्हतं; माऊलीने ते नुसतं बघून हेरलं होतं. "मायकडं बगायचं. ही बग. हिला जुळं झालतं. दोनी पोसली, अन् मेलेल्या शेळीचं तिसरं बी पाजलं. त्ये बी लाथ न घालता. आता हिचं करडू हुडीक."

बंकटने हुडकलं. काळंभोर, अंगाने बेताचं, लांब लोंबत्या कानांचं. दांडग्या करडांमागे उभं होतं. चारचौघांत उठून दिसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"ह्ये?"

"ह्येच. धर त्याला."

बंकटने करडू धरलं. हरिबाने ताटातली हळद बोटावर घेतली, जराशी भावाच्या बोटाला लावली, आणि दोघांनी मिळून ती करडाच्या कपाळाला ओढली. बंकटचं बोट जरा जास्त दाबलं गेलं आणि करडाने मान झटकली. हैदरने लांबूनच मान डोलावली. ठिपक्याचा दांडगा आता त्याच्या टेम्पोत जाणार होता, तेव्हा त्याचं नुकसान काहीच नव्हतं. पण मान डोलावली ती त्यासाठी नाही.

दिवेलागणीला हैदरचा टेम्पो गेला, बंकट हॉटेल बघायला गेला. हरिबा वाडग्यात बाजेपाशी उभा होता. बाज जड नव्हती, पण उचलायला धीर होत नव्हता. ती पोती त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

सत्यभामा शेळ्यांना पाला टाकायला आली.

"लांडगा गेला का वो?" तिने विचारलं.

"गेला वाटतं."

मग हरिबा शेळीच्या पाठीवर हात ठेवून, शेळीकडेच बघत म्हणाला, "समदंच काय जाग्यावर न्हाई, सत्यभामे. काई निजलेलंच हाय."

"मला ठाव हाय. त्ये बी इचारलं मी. शिरा दुखावल्यात म्हनले आपरेशनमधी. हार्मोनचा दोष न्हाई त्यात. वरीस लागतं, दोन बी लागत्यात. कुनाचं येतं, कुनाचं न्हाई येत. गोळ्या बी असत्यात, या म्हनले इचारायला."

"त्ये बी तूच इचारलं?"

"मग कोन इचारनार? तुमी तर बिडी वढत व्हते." तिने पाल्याची शेवटची फांदी टाकली. "आलं तर आलं, न्हाई तर न्हाई. मी काय तेवढ्यावर संसार केला का तुमच्यासंगं? तुमी आपले ह्या शेळ्यांत यून निजले. मला वाटलं, ह्या मानसाला आता मीच नगं झाले."

हरिबाला हे कधीच सुचलं नव्हतं. आपण तिला नको झालो, एवढाच हिशेब त्याने करून ठेवला होता.

"मग ती पोती?" त्याने विचारलं. "माझ्या जाग्यावर पोती कावून रचली तू?"

सत्यभामेने पदराने हात पुसले, मग पुन्हा पुसले.

"रातीला कूस बदलली की त्यो मोकळा कोपरा दिसायचा," ती म्हणाली. "बगवंना मला. म्हनून बाजरी आनून लावली."

हरिबाने बाजेचं एक टोक उचललं. दुसरं तिने उचललं. ती दोघं अंगणातून जाताना ऋतुजाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून माऊलीला चुलीकडे ओढून नेलं.

दारात बाज टेकवून हरिबा आत गेला, आणि पोती एकेक करून ओसरीवर ओढू लागला.

"माऊलीला हाक मारा की," सत्यभामा म्हणाली. "जड हायत ती."

"कुनाला नगं," हरिबा म्हणाला. "माझ्या जाग्यावरची हायत. मीच काढनार."